आवरलेला डाव

ज्या बाईचे पाय मी लेकीच्या लग्नात हळदीच्या पाण्यानं धुतले, तिलाच भर मैदानात पाठीवर पाडायचं माझ्या मनात होतं. मनात होतं इथवर ठीक आहे. बायकांच्या मनात काय काय असतं, कुणाला कळतंय? पण मनातलं कळायचं यंत्र तेव्हा निघालं होतं, आणि ते माझ्याच पाठीत बसवलेलं होतं.

थांबा, नीट सांगते. मधूनच घुसायची मला खोड आहे. कुस्तीतही होती, आणि त्यापायी मी पुष्कळ वेळा पडले आहे.

मी विजयमाला खोत. वारणाकाठची. आमच्या काळात बायकांची कुस्ती म्हटलं की लोक आधी पद्मिनी नांगरेचं नाव घ्यायचे. उंच, रुंद खांद्याची, आणि मैदानात उतरली की हलगीवाल्याचा हात आपोआप जलद चालायचा. तिची पाठ मातीला कधी लागली नाही. एकदाही नाही. आणि दुसरं नाव माझं. मी सगळ्यांना पाडायचे आणि शेवटी पद्मिनीकडून पडायचे. लोक माझी ओळखसुद्धा तशीच करून द्यायचे, "ही विजा खोत, पद्मिनीशी लढलेली." लढलेली! जिंकलेली नव्हे, लढलेली. अंगाची लाही व्हायची माझ्या.

आमच्या शेवटच्या कुस्तीत मी कलाजंग मारायला गेले होते. हा माझा लाडका डाव. समोरचीच्या हाताखालून बुडी मारायची, तिला अख्खी खांद्यावर घ्यायची आणि पलीकडं टाकायची. यात ताकद निम्मी आणि वेळ निम्मी. डोळ्याचं पातं लवायला लागतं तेवढा उशीर झाला तर खलास. मला तेवढाच उशीर झाला. पद्मिनीनं वरून दाबलं, मान धरली, ढाक लावून हवेत फिरवलं आणि मी आभाळाकडं बघत होते. त्यानंतर माझं लग्न झालं, संसार झाला, कुस्ती सुटली. तो उशीर मात्र सुटला नाही. भाकरी थापतानासुद्धा मी तो डाव मनात पुन्हा मारायचे.

आणि आमच्या केतकीला, माझ्या एकुलत्या एक पोरीला, अख्ख्या महाराष्ट्रात प्रेम करायला दुसरं घर मिळालं नाही. पद्मिनीचा संग्राम! पोरगा सोन्यासारखा, नाही म्हणायला जागा नव्हती. लग्नात वरमाईचे पाय धुवायचा मान मुलीच्या आईचा. मान म्हणायचं आपलं. पद्मिनी पाटावर बसली, मी खाली. तिचा घोटा हातात आला आणि माझ्या बोटांना एकदम एकेरी पट आठवला. असा घोटा हातात आल्यावर सोडायचा नसतो, ओढायचा असतो. मी हळद लावली.

पद्मिनी वाकून कानाशी म्हणाली, "विहीणबाई, पकड अजून घट्ट हाय."

मी हसले. काय करणार? लेक द्यायची होती.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि माझा उजवा पाय घसटायला लागला. हातातून भांडी निसटायची. पायरी दिसायची, पण पाय उशिरा उचलायचा. सांगलीला डॉक्टर नसीमा तांबोळींकडं गेले. बाई बारकी, चष्मेवाली, पण बोलणं रोखठोक.

त्यांनी मला समजावलं ते असं. मेंदू म्हणतो, पाय उचल. तो निरोप पाठीच्या कण्यातून, मज्जातंतूंमधून स्नायूपर्यंत जातो. तरुणपणी निरोप धावत जातो. वय झालं की तंतूंवरचं वेष्टण विरळ होतं, निरोप रेंगाळतो. काही तंतू तर मरूनच जातात, आणि त्यांच्या हाताखालचे स्नायू नुसते वाट बघत पडून राहतात. स्नायू धडधाकट असतो, पण त्याला कुणी काही सांगतच नाही.

आमचे हे शेजारीच बसले होते. यांचं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान आहे. "म्हणजे मोटार चांगली आहे, वायर जुनी झालीय," हे म्हणाले.

"अगदी तसं," डॉक्टर म्हणाल्या, आणि यांची मान जी ताठ झाली ती घरी येईपर्यंत वाकली नाही.

उपाय म्हणजे एक पट्टी. बोटाएवढी लांब, कागदाहून पातळ. ती मणक्यांच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणावर बसवायची. वरून येणारा निरोप ती ओळखते, त्याला जोर देते आणि खालच्या तंतूंना क्षणात पोचवते. रोज मेहनत केली की जिवंत तंतूंना नवे फाटे फुटतात आणि ते बेवारस पडलेल्या स्नायूंना कामाला लावतात. लकवा झालेल्या लोकांसाठी ही पट्टी निघाली होती. मग म्हाताऱ्यांना लागली, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की म्हाताऱ्या खेळाडूंना लावली तर?

"ताकद ती देत नाही, ताई," डॉक्टरांनी बजावलं. "ताकद तुम्हालाच कमवावी लागेल. ही फक्त उशीर काढून टाकते."

उशीर! हा शब्द ऐकला आणि मी तिथंच हो म्हटलं. मागचापुढचा विचार केला नाही.

"अजून एक गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "माणूस कधी कधी हात उचलणार असतो आणि आवरतो. निरोप निघालेला असतो, मेंदू तो मागं घेतो. ही पट्टी वाटेतच बसलेली, त्यामुळं तिला आवरलेला निरोपही दिसतो. तो तिनं ओळखून थांबवायलाच हवा, नाहीतर मनात आलं की हात चालेल. म्हणून तुमच्या फोनवर दोन दिवे दिसतील. हालचाल झाली की हिरवा, आवरलीत की पिवळा. पहिले काही महिने तो फोन उघडा ठेवायचा, म्हणजे पट्टी बरोबर शिकतेय का ते मला इथून कळेल."

मला वाटलं, दिसू दे की. मी कुठं काय आवरते?

अहो, घरी आल्यावर कळलं. जेवताना हे म्हणाले, "आमटी आज जरा पातळ झालीय," आणि टेबलावरच्या फोनवर पिवळा दिवा लागला. यांनी फोनकडं बघितलं, माझ्या हातातल्या पळीकडं बघितलं आणि तीच आमटी दोनदा वाढून घेतली. त्या महिन्यात आमच्या घरी यांच्याइतकं गोड कुणीच बोललं नाही. पण मला आतून चरकल्यासारखं झालं. संसार म्हणजे काय असतो हो? तोंडावर आलेलं गिळायचं, उचललेला हात पदराला पुसायचा. ते असं दिव्यात दिसायला लागलं तर माणसानं राहायचं कसं?

त्यात पद्मिनीनंही पट्टी बसवून घेतली होती. ती न्हाणीघरात पडली होती, पायांतली जान गेली होती. मी भेटायला गेले तेव्हा ती अंगणात चक्क बैठका मारत होती. साठीला टेकलेली बाई! मग आम्ही दोघी सोप्यावर समोरासमोर बसलो. वर भिंतभर तिच्या गदा आणि फोटो, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'पाठ न लागलेली पद्मिनी'. टेबलावर दोघींचे फोन.

"केतकीला स्वैपाकाची सवय नव्हती म्हणायची माहेरी," पद्मिनी म्हणाली. माझा पिवळा.

"इथं शिकली की. तुमच्याकडं माणसं फार, काम पुष्कळ," मी म्हणाले. तिचा पिवळा.

"चहा घ्या, गार होतोय."

"घेते, घेते."

दोन्ही फोन जत्रेतल्या माळेसारखे लुकलुकत होते. केतकी ट्रे घेऊन दारात उभी होती, तिनं दोन्ही फोन बघितले आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पद्मिनीनं आपला फोन सावकाश पालथा घातला. मी माझा पालथा घातला. मग आम्ही पावसापाण्याचं बोललो.

त्याच वर्षी 'पुन्हा शड्डू' निघालं. पन्नाशीच्या पुढच्या नावाजलेल्या मल्लांची मैदानं. काळीज तपासून, वजनं बघून जोडी लावायची, आणि लढायचं जुन्या पद्धतीनं, लाल मातीत, निकाली. गुण नाहीत. पाठ लागली तर लागली, नाहीतर बरोबरी. लोकांनी तर डोक्यावर घेतलं. ज्यांचे फोटो नुसते सलूनमध्ये राहिले होते ते पैलवान पुन्हा मातीत उतरताना बघून बाप्ये रडायचे. एकच भीती होती, आतून ठरवून केलेल्या नुरा कुस्तीची. म्हणून आयोजकांनी नियम केला की दोघांच्या पट्टीचे दिवे मैदानातल्या मोठ्या पडद्यावर दिसणार. डाव मनात येऊन आवरला की पिवळा. पिवळे फार झाले की पंच ताकीद देणार, आणि त्यानंतर एक जरी पिवळा दिसला तर दोघंही मैदानाबाहेर, कायमचे.

पद्मिनीचा फोन आला. "विहीणबाई, मैदानात येताय न्हवं?"

"कुणाशी?"

"माझ्याशी. दुसरी हाय का कोण माझ्या जोडीची?"

दुसरी हाय का कोण! अशी वाक्यं ती सहज बोलून जायची आणि माझी रात्रीची झोप जायची. तिला मी तिच्या जोडीची वाटत होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी म्हटलं, येते.

मग काय, आमच्या गल्लीतल्या तालमीत पोरींच्या बरोबरीनं मेहनत सुरू केली. जोर, बैठका, दोरावर चढणं. पहिल्या आठवड्यात मी संडासातून उठताना यांना हाक मारायचे, इतकं अंग भरून आलं. पण हळूहळू जमायला लागलं. आणि एका सकाळी तालमीतल्या एका दांडग्या पोरीच्या हाताखालून मी बुडी मारली, ती माझ्या खांद्यावर आली आणि पलीकडं गेली. मी उभीच. उशीर नव्हता. तो मेला उशीर गेला होता! मी मातीत फतकल मारून रडले. पोरींना वाटलं मला लागलं.

मैदानाच्या आदल्या आठवड्यात केतकी आली. एकटीच. तालमीच्या पायरीवर माझ्याजवळ बसली आणि चुन्नीचं टोक पिळत राहिली.

"बोल की," मी म्हटलं.

"आई, हरू नकोस. पण आईंना पाडूही नकोस. बरोबरीत सोडव."

"का?"

"ती भिंत तू बघितलीयस. त्या घरात सगळे उठतात बसतात ते त्या नावावर. आईंची पाठ कधी लागली नाही, हे सासरे पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात. ती तू लावलीस तर त्या घराचं काय होईल मला माहीत नाही. त्या मला काही बोलणार नाहीत, पण नुसत्या गप्प बसल्या तरी मी काय करू? मला तिथंच राहायचंय, आई."

मला तिचा राग आला, खरं सांगते. माझ्या आयुष्यात मी एकच गोष्ट मागितली होती आणि ती माझ्याच पोटच्या पोरीच्या अंगणात नेऊन ठेवलेली. पण तिचे डोळे भरले होते. लेक नांदायला दिली की आईचे हात बांधलेलेच असतात, मग तुम्ही पैलवान असा नाहीतर आणखी कोण.

"बरं," मी म्हटलं. "बघते."

"बघते नको. शब्द दे."

दिला.

डॉक्टर तांबोळींना फोन केला. "दिवा न लावता आवरायचं कसं?"

त्या हसल्या. "आवरलंत की लागणारच. एकच उपाय, मनातच आणायचं नाही."

पद्मिनीच्या समोर उभं राहून कलाजंग मनात आणायचा नाही! या बाईंनी कधी कुस्ती धरली नव्हती, म्हणून बोलू शकल्या.

मैदान वारणेच्या काठी होतं. उन्हं कलायला लागली होती. हौद्यातली माती ताक, हळद, लिंबू घालून मळलेली, तिचा वास आला आणि माझं वय गळून पडलं. हलगी कडाडत होती. डोंगराच्या उतारावर माणूसच माणूस. पुढच्या रांगेत केतकी, संग्राम, आमचे हे आणि व्याही, सगळे एका सतरंजीवर, आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

पद्मिनी उतरली. शड्डू ठोकला तसा उतारावरून आवाज उठला, "चांगभलं!" मीही ठोकला. आम्ही माती उचलून एकमेकींच्या खांद्यावर टाकली, हात मिळवले. तिचा पंजा तसाच, खरखरीत आणि गरम.

"सांभाळून हं, विहीणबाई," ती म्हणाली.

"तुम्हीपण," मी म्हणाले.

खडाखडी सुरू झाली. मानेवर हात, मनगटावर हात, डोक्याला डोकं. तिनं उजवा हात जरा उचलला आणि मला खाली मोकळी वाट दिसली. दिसली, अंग निघालं, आणि शब्द आठवला. आवरलं. पडद्यावर माझ्या नावासमोर पिवळा.

उतारावर कुजबूज झाली.

पुन्हा धरलं. तिचा पाय पुढं आला, पट काढायला बोलावत होता. आवरलं. पिवळा. मग माझी मान तिच्या काखेत गेली. आता ढाक बसणार, मी दात आवळले. बसली नाही. तिनं पकड सैल केली. मला कळेना. घामानं डोळे चुरचुरत होते. मी पडद्याकडं बघितलं तर तिच्या नावासमोरही पिवळे. माझ्याइतकेच!

"नुरा! नुरा!" कुणीतरी ओरडलं आणि मग सगळा उतार ओरडायला लागला. "घरी जाऊन फुगडी घाला!" हे तर माझ्या जिव्हारी लागलं. एका म्हाताऱ्यानं पागोटं काढून मांडीवर आपटलं. पंचांनी शिट्टी मारली, दोघींना मध्ये बोलावलं.

"ताई, ही शेवटची ताकीद. आता एक पिवळा दिसला की दोघींचं मैदान संपलं. आणि लोक काय म्हणतील ते तुम्ही ऐकताय."

पुन्हा हात धरायला लावले. डोक्याला डोकं लागलं तसं मी दबक्या आवाजात विचारलं, "तुम्ही का आवरताय?"

"केतकीनं सांगितलं," पद्मिनी धापा टाकत म्हणाली. "आई थकलीय, पाय घसटतो, सांभाळून घ्या म्हणाली. मी शब्द दिलाय पोरीला. तुम्ही का आवरताय?"

"मलापण तिनंच सांगितलं."

आम्ही दोघींनी एकदम सतरंजीकडं बघितलं. केतकीनं चुन्नीत तोंड लपवलं. अगं बया! माझ्या पोटची पोर, कुस्तीतला क कळत नाही, आणि दोन दोन पैलवानांना एकाच डावात धरून ठेवलं होतं.

हसू यायला हवं होतं. पण मला आला संताप. पद्मिनी नांगरे माझ्यावर दया करत होती! ती ढाक तिनं सोडून दिली होती, म्हातारी विहीण म्हणून. सगळा जन्म मी तिच्याकडून पडले ते परवडलं, ही दया परवडणार नव्हती.

"माझी कीव करतेस व्हय गं, पद्मे?" मी म्हणाले. विहीणबाई कुठं गेल्या मला कळलं नाही.

तिचे डोळे चमकले. तेच जुने डोळे. "आणि तू काय करत होतीस गं, विजा? मला जपत होतीस? मला?"

"धर मग."

"धर."

हलगीवाल्याला काय कळलं देव जाणे, त्यानं ठेका बदलला.

ती आली. काय आली! मान धरली आणि अख्खं वजन माझ्यावर टाकलं. आता ढाक खरी होती. माझे पाय मातीतून सुटले, मी हवेत फिरले, आणि पाठ लागणार तेवढ्यात मानेवर कमान टाकली. डोकं आणि टाचा मातीत, पाठ वर. मानेतून कळ गेली ती डोळ्यांत पाणी आणून गेली. ती वरून दाबत होती. पंच मातीवर गाल टेकून माझ्या पाठीखाली बघत होते. उतारावर एकदम शांत झालं. मला आमच्या यांचा बारीक आवाज ऐकू आला, "विजू, ऊठ!" बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसानं मला विजू म्हटलं नव्हतं.

उठले. कशी ते विचारू नका. अंग पिळून, तिच्या हाताखालून निसटून उठले. पडद्यावर नुसता हिरवा, दोघींचा, लागून राहिलेला हिरवा.

आम्ही पुन्हा समोरासमोर. दोघींचे श्वास भात्यासारखे. तिनं मान धरायला उजवा हात उचलला. उचलताना ती आधी डाव्या पायावर भार टाकते, तरुणपणापासूनची सवय. मला ती तेव्हाही माहीत होती. दरवेळी माहीत होती. दरवेळी मी पोचेपर्यंत उशीर झालेला असायचा.

यावेळी मी बुडी मारली.

उशीर नव्हता. माझा खांदा तिच्या काखेत, हात मांडीत, आणि पद्मिनी नांगरे माझ्या पाठीवर. जड होती हो! गुडघा कुरकुरला, पट्टी असो नाहीतर नसो, ते वजन माझ्या हाडांनीच उचललं. उतारावरची सगळी माणसं उभी राहिली. क्षणभर केतकी डोळ्यांसमोर आली. शब्द दिला होता. आवरायचं असतं तर तिथंही आवरता आलं असतं. नाही आवरलं. मी वळले आणि तिला पलीकडं टाकलं.

धप्प आवाज झाला. लाल धूळ उडाली. पंचांचा हात मातीवर आपटला.

आणि मग आवाज झाला, तो मला सांगता येणार नाही. हलगी, तुतारी, शिट्ट्या, फेटे हवेत. तो पागोटेवाला म्हातारा उभ्या उभ्या नाचत होता. मला कुणीतरी उचलायला आलं, मी हात झटकला. मला आधी पद्मिनीकडं बघायचं होतं, आणि बघायची हिंमत होत नव्हती. मी केलं काय हे?

ती तशीच पडली होती. दोन्ही हात पसरून, वर आभाळाकडं बघत. मी जवळ जाऊन वाकले.

"लागलं का गं?"

"आभाळ असं दिसतंय व्हय हितनं?" ती म्हणाली. "सगळ्यांना दाखवत आले. आपण कधी बघितलंच न्हाई." आणि हसायला लागली. मातीत पडल्या पडल्या पोट धरून हसायला लागली. मी हात दिला, ती उठली, आणि तिनंच माझा हात धरून आभाळात वर केला. चारी दिशांना वळवून दाखवला. उतारावर लोक माझं नाव घेत होते. नुसतं माझं, पुढं मागं दुसरं कुणाचं नाही.

मी हौद्याच्या काठावर बसले, कारण गुडघा आता वाकेना आणि सरळही होईना. केतकी धावत आली आणि आमच्या दोघींपासून सारख्याच अंतरावर थांबली. रडत होती.

पद्मिनीनं तिच्याकडं बघितलं. "दोघींना एकच औषध पाजलंस व्हय गं?"

"चुकलं, आई," केतकी म्हणाली. कुणाला म्हणाली, कळलं नाही.

"घराचं काय होईल म्हणून घाबरलीस. काय होतंय घराला? भिंत हाय तिथंच हाय. वरची पाटी तेवढी पुसून घेऊ. मलाच कटाळा आला होता तिचा, धूळ मीच पुसायची की. जा, एक बादली पाणी आण. आणि तांब्या."

केतकीनं बादली आणली. मला वाटलं पद्मिनी तोंड धुणार. ती माझ्यासमोर मातीत खाली बसली, मांडी घालून, आणि हात पुढं केला.

"पाय पुढं करा, विहीणबाई."

"अहो, हे काय? भलतंच! तुम्ही वरमाई, मुलाकडच्या—"

"ते मांडवात. हितं पडली कोण?" तिनं माझा घोटा धरला. "द्या."

मी सतरंजीकडं बघितलं. व्याही उभे होते, संग्राम उभा होता, आमचे हे तोंडावर रुमाल धरून उभे होते. पद्मिनीनं तांब्यानं पाणी ओतलं. गार पाणी, आणि तिचा तो खरखरीत पंजा. बोटांच्या फटीतली लाल माती ती अंगठ्यानं काढत होती, सावकाश, एक एक बोट. लग्नात मी इतक्या मनापासून धुतले नव्हते.

तेवढ्यात उतारावर हशा पिकला. मी वर बघितलं. पडदा अजून चालूच होता आणि माझ्या नावासमोर पिवळा दिवा लागला होता. पद्मिनीनंही मान वळवून बघितला.

"आता काय आवरलंस?" तिनं विचारलं.

"पाय मागं घेणार होते," मी म्हटलं.

"मग?"

"नाही घेतले."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि दुसरा पाय हातात घेतला.